फिल्टरची किल्ली

फिल्टर पॅनल आज पुन्हा अकराला बंद पडला. दोन आठवडे हेच नाटक. कारखान्यातल्या दांडग्या मोटारी वीज खडबडीत करून टाकतात, हा पॅनल ती गुळगुळीत करतो. बिघडला की स्वतःच तीनदा चालू व्हायला बघतो. नाहीच जमलं की लाल दिवा लावून रुसून बसतो. मग माणसाने कारण शोधायचं, नंतर रीसेट. आमच्याकडे कारण शोधत नाहीत. बटण दाबत सुटतात.

"दाब की गं, वायरमन!" साहेब ओरडले.

"कारण कळल्याशिवाय नाही. आत जळलं तर तुम्ही भरून देणार?"

"बारापर्यंत चालू झाला नाही तर पॅनलची किल्ली ठेकेदाराला. तू बस ट्यूबलाइटी बदलत."

ती किल्ली मिळवायला मला सात वर्षं लागली होती. डोकं सणकलं.

धुलाई विभागाच्या मावशी मजा बघायला आल्याच होत्या. "एक रट्टा दे. माझा मिक्सर तसाच चालतो."

"मावशी, हा चारशे अँपिअरचा आहे."

"असेल. रट्टा सगळ्यांना कळतो."

मी पॅनलच्या पडद्यावरच्या जुन्या नोंदी उघडल्या. रोज अकराच्या आसपास एकच ओळ : तापमान जास्त. फक्त गेला मंगळवार आणि बुधवार कोरे.

"मावशी, मंगळवार-बुधवारी काय होतं?"

"स्वर्ग होता! साहेब रजेवर."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग साहेबांच्या पायांकडे. बूट होते, मोजे नव्हते. रोज साडेदहाला साहेब धुलाईत फेरी मारतात, आणि तिथे घोटाभर पाणी असतं.

मी पॅनलच्या मागे धावले. गरम हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीवर चिमटे लावून दोन लोकरी मोजे वाळत होते. ते उडू नयेत म्हणून वर एक जाडजूड फाईल टेकवलेली. अख्खी जाळी बंद! फाईलवर लिहिलेलं : यंत्रसुरक्षा, नियम व सूचना.

मला हसूच आवरेना. मोजे नाचवत मी पुढे आले.

"साहेब, दोन कारणं सापडली. एक डावं, एक उजवं."

मावशी भिंत धरून खाली बसल्या. "अगं बाई, पोट दुखलं!"

साहेब लाल दिव्याहून लाल. "आता तरी दाब!"

"पंधरा मिनिटं थांबा. गार होऊ दे." साहेब थांबले. माझ्यासमोर, बिनमोज्यांच्या बुटांत.

बाराला पाच कमी असताना मी रीसेट दाबलं, एकदाच. पंखे गुरगुरले. हिरवा!

मग बिघाड-नोंदवही पुढे केली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं : मोजे, ओले, साहेबांचे. खाली प्रमुखाची सही लागते.

"हे असं लिहितात?"

"खोटं लिहू? ठेकेदाराला बोलवा, तोही हेच लिहील. बाहेरच्या माणसापुढे."

साहेबांनी सही केली, ओले मोजे चढवले आणि निघाले. पचक, पचक, पचक.

"आणि किल्ली?" मी मागून ओरडले.

"ठेव तुझ्याकडेच!"

पचक.