कापलेला कोपरा

माझ्या रागाला औषध नाही, हे आमगावला सासरी आल्यावर महिन्याभरातच सगळ्यांना कळलं. माहेरी, सालेकशाला, सुमित्रावहिनीला ते आधीपासून ठाऊक होतं. मी पाच वर्षांची असताना आई गेली आणि या वहिनीनंच मला वाढवलं. गोड बोलणं तिला जमत नसे. पण माझ्या ताटात तिनं कधी शिळं वाढलं नाही.

लग्नात मला निळं लुगडं हवं होतं. निळा रंग पाहिला की माझं डोकं शांत होतं. का, ते आजही सांगता येणार नाही. वहिनी म्हणाली, निळं-काळं मांडवात चालत नाही, आणि पिवळंधमक घेऊन आली. पिवळ्याशी माझं लहानपणापासून वाकडं. पाठवणीच्या वेळी चारचौघांत मी बोलून गेले, "माझी आई असती तं तिनं देल्लं असतं." वहिनीनं माझी पेटी बैलबंडीत ठेवली आणि आत निघून गेली.

त्यानंतर दोन वर्षं मी माहेरची पायरी चढले नाही. चूक माझीच होती. पण समोर उभं राहून कबूल करायचं म्हटलं की तोंडातून शब्द फुटेना.

पंचावन्नच्या दिवाळीत ठरवलं, तोंडानं जमत नाही तर हातानं सांगू. बाजारातली छापील शुभेच्छा-कार्डं मला कधी आवडली नाहीत. त्यांतले रंग कोणाचेच नसतात. मी साधं पोस्टकार्ड घेतलं. होळीला वाळवून ठेवलेल्या पळसफुलांचा केशरी काढला, वालाच्या पानांचा हिरवा. वहिनीसाठी म्हणून हळदीचा पिवळाही लावला. वर आभाळ मात्र माझं: कपड्यांना द्यायची नीळ डिंकाच्या पाण्यात कालवून केलेलं. खाली दोन ओळी लिहिल्या. आठ दिवस लागले. अगदी शेवटी एका कोपऱ्यावर निळीचा ओघळ आला. तेवढा कोपरा कात्रीनं छाटला आणि खुशीत कार्ड स्टेशनावरच्या पेटीत टाकलं.

कोपरा कापलेलं कार्ड मरणाची बातमी आणतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रंगांच्या नादात मला मात्र ते सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंगण सारवत होते. स्टेशनाच्या रस्त्यानं वहिनी येताना दिसली, अनवाणी, पदर खाली लोळतोय, मोठमोठ्यानं रडतेय. मागून माझा भाऊ दुधराम. मला पाहून ती जागीच थांबली. मग धावत आली आणि तिनं माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

"जित्ती आहेस नं वो? मंग कोपरा काऊन कापला, बयताड पोरी?"

मी उत्तर देणार तोच तिच्या काखेतलं गाठोडं खाली पडून सुटलं. आत लुगडं होतं. सवाष्ण गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवून निरोप देतात, ते घेऊन ती आली होती. कोरं, गडद निळं.

"हे कधी घेतलं?" मी विचारलं.

"मागच्या भाऊबीजेले. तू येशील म्हनून. आलीच नाही तू."

"अन् माहं कार्ड?"

"फाडून टाकलं. आमगावचं हाय म्हनून पोस्टमननं देल्लं, अन् कोपरा कापलेला. तसलं कार्ड घरात कोनी ठेवते काय? मले वाचता येत नाही, अन् हे धान कापाले गेले होते."

आठ दिवसांची मेहनत गेली. त्या दोन ओळीही गेल्या. आता लपायला कागद उरला नव्हता.

"वैनी," मी म्हटलं, "मी लगनात वंगाळ बोलली. आई असती तं तिनंई एवढंच केलं असतं, तुह्यापेक्षा जास्त नाही. तू होती म्हनून मी आहो."

वहिनीनं पदरानं नाक पुसलं.

"येवढंसं सांगाले कार्ड कायले धाडलं वो?" मग तिनं लुगडं उचललं, झटकलं. "चाल, हात धू. नेसवून देतो. नेसवालेच तं आली होती."