डॉ. नगराळे थिएटरबाहेर

डॉ. प्रेमानंद नगराळे यांना बाकावर बसवत नव्हतं. उभी हयात ज्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, त्याच्याच दाराबाहेर ते आज नातेवाईक म्हणून थांबले होते. बसत होते, उठत होते, खिडकीपर्यंत जाऊन परत येत होते.

आत टेबलावर त्यांचे भाऊजी होते. दादाजी वासनिक बुटीबोरीच्या सूतगिरणीतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता. तो बरा झाला, पण उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला एक पोकळी ठेवून गेला. आता त्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढला होता आणि खोकला आला की तोंडातून रक्त पडत होतं.

हाच नगराळे सरांचा विषय. विभागात बाकीच्यांना हृदयाची ऑपरेशनं हवी असत. सर मात्र टीबीनं खराब झालेल्या, बरगड्यांना घट्ट चिकटलेल्या फुफ्फुसांच्या मागे लागले. असल्या रोग्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून मी लावतो, एवढंच ते सांगत. पुढे त्यांचे निबंध परदेशात वाचले गेले आणि अडचणीची केस आली की दूरदूरचे सर्जन त्यांना फोन करू लागले. विद्यार्थ्यांना ते दोन गोष्टी बजावून सांगत. रक्त उसळलं तर बोटानं दाबून धरा आणि थांबा, घाईघाईत चिमटा लावू नका. आणि घरच्या माणसावर कधी चाकू धरू नका.

दुसऱ्या नियमामुळे आज चाकू डॉ. भैरवी देशकरच्या हातात होता. ती त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवणारी. तिच्याहून चांगला हात त्यांच्या पाहण्यात नव्हता. तरी सकाळपासून ते तिचा हात मनातल्या मनात हलवून पाहत होते. आता बरगड्या उघडल्या असतील. आता ती वरच्या कोपऱ्यात, मोठ्या शिरेजवळ पोचली असेल.

तेवढ्यात आतली परिचारिका घाईनं बाहेर आली आणि रक्तपेढीकडे गेली. तिनं सरांकडे पाहायचं टाळलं. सर काय ते समजले. बाकावर बसलेल्या बहिणीला, इंदूताईला, काही न सांगता ते कपडे बदलायच्या खोलीत शिरले, टोपी-मास्क चढवला आणि थिएटरचं दार ढकललं.

भैरवी नुसती उभी होती. तिचा हात छातीच्या आत होता, बोट शिरेवर दाबलेलं. रक्त शोषणाऱ्या नळीची बाटली लाल झाली होती. सरांनी भाऊजींचा चेहरा पाहायला नको होता, पण पडद्यापलीकडे डोकावून त्यांनी तो पाहिला.

"चिमटा लाव," ते म्हणाले. "किंवा सरक, मी हात धुऊन येतो."

भैरवीनं मान वर केली नाही. "सर, तुम्ही बाहेर थांबा."

असं त्यांना या खोलीत कोणी म्हटलं नव्हतं. तिचं बरोबर होतं हे त्यांना कळत होतं, पण पाय उचलत नव्हते. मग ते वळले.

बाहेर इंदूताईनं त्यांचा घाम पाहिला. आई गेल्यावर याच बहिणीनं त्यांना वाढवलं होतं. तिच्यापासून काही लपायचं नाही.

"काय होऊन राहिलं आत? खरं सांग मले."

नातेवाइकांना सांगायचं एक वाक्य त्यांच्या तोंडात तयार असे. प्रकृती गंभीर आहे, आम्ही प्रयत्न करतो आहोत. ते आता ओठांवर आलं आणि त्यांना त्याची चीड आली.

"रक्त वाहून राहिलं, ताई. भैरवीनं बोटानं दाबून धरलं आहे. थांबते का ते पाहून राहिली."

"अन् तू?"

"माझं काही काम नाही तिथं."

इंदूताई रडली नाही. तिनं त्यांचं मनगट धरून त्यांना शेजारी बसवलं आणि सोडलंच नाही. ते पाय हलवत राहिले. कान दाराकडे होते.

दुपार कलल्यावर भैरवी बाहेर आली. तिनं आधी इंदूताईला सांगितलं, की रक्त थांबलं, खराब भाग काढला, ते बरे आहेत. मग सरांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. शीर कुठं फाटली, टाके कुठल्या धाग्याचे घातले, उरलेलं फुफ्फुस नीट फुगलं का. तिनं सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "सर, राग मानू नका. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा माझा हात स्थिर झाला."

त्यांनी मान डोलावली. अभिमान वाटला, आणि कुठंतरी टोचलंही. दोन्ही एकदमच.

संध्याकाळी भाऊजींना अतिदक्षता विभागात हलवलं. दारावरची नवी परिचारिका सरांना ओळखत नव्हती. एकाच माणसाला आत सोडता येईल, असं तिनं बजावलं. सरांनी आपण कोण ते सांगितलं नाही. ताईला पुढे केलं आणि तिथंच पुन्हा येरझारा घालू लागले.