मागचा बोल्ट

गाडी पाणी पीत होती आणि ते कुठेच सांडत नव्हतं. रेडिएटर बाहेरून कोरडा, होज पाइप शाबूत, गाडीखाली एक थेंब नाही. तरी दर एक-दोन दिवसांनी टाकीत कूलंट ओतावं लागत होतं. सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा आणि त्या धुराला गोडसर वास असायचा.

गाडीच्या चालकाला बाकीचे चालक वकील म्हणत, कारण तो लाल सिग्नलशीसुद्धा वाद घालायचा.

"मिस्त्री, मला गाडी गंडवतेय की तुमचे गॅरेजवाले भाऊबंद, तेवढं सांगा."

"आधी तू गप्प बस. मला इंजिन ऐकू दे."

मिस्त्रीने ऐकलं, धुराचा वास घेतला आणि बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, "ईजीआर कूलर फुटलाय. आतून."

"म्हणजे काय? मराठीत सांगा."

"इंजिनचा थोडा जळका धूर परत इंजिनात जातो. जाण्याआधी त्याला गार करायला एक डबी असते. डबीत नळ्या, नळ्यांमधून धूर, बाहेरून पाणी. नळीला चीर गेली की पाणी धुरात. तुझं कूलंट सायलेन्सरमधून आभाळात चाललंय."

"आणि मी उगाच बायकोवर संशय घेत होतो," वकील म्हणाला.

मिस्त्रीचा धाकटा भाऊ पलीकडे टायर उतरवत होता. तो हसला नाही. गॅरेज दोघांचं होतं. कामही दोघं करत, पण गाड्या यायच्या त्या मिस्त्रीच्या हातासाठी. या बनावटीच्या गाडीत कूलर इंजिनच्या मागे, थेट पत्र्याच्या भिंतीला चिकटून असतो. तिथे नजर पोचत नाही. दुसरे गॅरेजवाले वायपरखालचा सगळा पत्रा खोलतात किंवा दांडीचा आरसा आत घालून बघत बघत काम करतात. मिस्त्री काहीच खोलायचा नाही. डोळे मिटून हात आत घालायचा आणि नुसत्या बोटांनी मागचा बोल्ट काढून परत बसवायचा. हातमोजा घालत नसे. मोजा घातला की हात आंधळा होतो, असं म्हणायचा.

अलीकडे मात्र दोन गाड्या परत आल्या होत्या. एकीचा ऑइलचा बोल्ट ढिला राहिला होता, दुसरीची क्लिप पाइपवर बसलीच नव्हती. दोन्ही कामं मिस्त्रीची. दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक गेल्यावर धाकटा म्हणाला होता, "दादा, आता आणखी एक गाडी परत आली, तर तू पान्याला हात लावायचा नाहीस. काउंटरवर बसायचं."

"आणि तू काय करणार? माझी कामं?"

"जमेल तशी करीन. पण करीन."

मिस्त्रीच्या बोटांची टोकं किती तरी महिने बधिर होती. सुरुवात पायांपासून झाली होती. एकदा एका पायातली चप्पल मागे राहिली आणि हा दारापर्यंत तसाच चालत आला. बायकोने हाक मारून सांगितलं तेव्हा कळलं. साखर वाढलीय हे त्याला माहीत होतं. गोळ्या आठवल्या की घ्यायचा. बोटांचं मात्र कोणालाच बोलला नव्हता. लहान नट उचलताना तो आता बोटाकडे बघायचा. उजेडात तेवढ्यावर निभावत होतं.

कूलरचं काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं. धाकटा म्हणाला, "पत्रा खोलू या दादा. नाहीतर आरसा घे."

"आरसा दाढीला."

"मी मस्करी करत नाहीये."

"मग मीही करत नाहीये. तू तुझे टायर बघ."

आरसा हत्यारांच्या वरच्याच खणात होता. मिस्त्रीला तो दिसतही होता. पण त्याने आरसा घेतला असता तर धाकट्याला आणखी काही विचारायची गरजच उरली नसती. त्याने खण ढकलून बंद केला.

जुना कूलर निघायला त्रास झाला नाही. सोडवताना पाना बोल्टला धरून राहतो, बोटांना फारसं काम नसतं. कूलर बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाशी ओली काजळी होती, चिखलासारखी. मिस्त्रीने ती वकिलाला दाखवली. वकील म्हणाला, "घ्या, हा पुरावा." मिस्त्री हसला. त्याचं निदान बरोबर निघालं होतं.

खरं काम बसवण्याचं होतं. कूलर आणि मागचा पाइप यांच्यामध्ये, जोडातून धूर निसटू नये म्हणून, पत्र्याचं पातळ गॅस्केट बसतं. ते ग्रीसने चिकटवायचं, कूलर आत सरकवायचा आणि गॅस्केट भोकांवर सरळ आहे की नाही हे करंगळी फिरवून पाहायचं. मिस्त्रीने डोळे मिटले. करंगळी फिरवली. काठ लागायला हवा होता, तो लागला नाही. खाच लागली नाही. हात इंजिनमागे आहे, एवढं खांद्याला कळत होतं. त्यापुढे काहीच नव्हतं.

त्याने हात बाहेर काढला, पुसला, परत घातला. वकील सिग्नलवरच्या एका भांडणाची गोष्ट सांगत होता. मिस्त्रीने बोल्ट अंदाजाने भोकात टेकवला. तो फिरला. पान्याची टिकटिक नेहमीसारखी झाली, शेवटी बोल्ट आवळल्याची कुरकूरही आली. ती त्याला ऐकू आली आणि त्याने तेवढ्यावर भागवलं.

कूलंट भरलं, पाइपातली हवा काढली, गाडी चालू ठेवली. काटा मधोमध येऊन थांबला. धूर स्वच्छ होता. वकील चावीसाठी हात पुढे करणार, इतक्यात धाकट्याने मान वर केली.

"फुसफुसतंय."

"कुठे?"

"मागे. इंजिनसोबत येतंय बघ. फुस्स, फुस्स."

मिस्त्रीलाही ऐकू येत होतं. असा आवाज आला की तो नेहमी जोडाच्या जवळ हात धरायचा आणि कुठून गरम वाफ लागतेय ते सांगायचा. आताही त्याने हात आत घातला. काही लागलं नाही. आणखी आत घातला.

"काही नाही. कुठूनच हवा येत नाही," तो म्हणाला. "पट्ट्याचा आवाज असेल."

"नीट बघ."

"बघतोय ना. हात तिथेच आहे माझा."

वकील बोलायचा थांबला. त्याने नाक वर करून वास घेतला. तो डिझेलचा नव्हता. मग धाकट्यालाही आला आणि त्याने पाना टाकून धाव घेतली. भावाचं मनगट दोन्ही हातांनी धरून त्याने हात बाहेर ओढला.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची कातडी पाइपलाच राहिली होती.

मिस्त्रीने हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या हाताकडे पाहावं तसं. तो ओरडला नाही. धाकट्याला तेच सहन झालं नाही.

"ओरड ना!" तो म्हणाला. "अरे, ओरड की दादा!"

वकिलाने इंजिन बंद केलं. हात नळाखाली धरून झाल्यावर धाकट्याने भावाला खुर्चीवर बसवलं. इंजिन निवल्यावर त्याने वायपरखालचा पत्रा खोलला. त्या दुपारी वकील एकदाही कशावरून भांडला नाही. गॅस्केट तिरकं बसलं होतं, एक कोपरा दुमडून बोल्टखाली चिरडला होता. धाकट्याने ते भावाला दाखवलं नाही. नवीन गॅस्केट टाकून गाडी बाहेर काढायला त्याला संध्याकाळ झाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मिस्त्रीला डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की हो म्हणा, काका." बायको शेजारी बसली होती. बराच वेळ झाला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "करा की सुरू." कुणी बोललं नाही म्हणून त्याने डोळे उघडले. बायको पदराने तोंड दाबून बसली होती. त्याच्या चांगल्या हाताच्या दोन बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके होते.

"गेलेलं परत येईल का?"

"आहे ते सांभाळू या," डॉक्टर म्हणाले.

काउंटरचा विषय धाकट्याने पुन्हा काढला नाही. काढावा लागला नाही. पट्टी बांधलेला हात घेऊन मिस्त्री स्वतःच तिथे जाऊन बसला. गिऱ्हाइकं विचारत, मिस्त्री, हात कधी बरा होणार? तो म्हणायचा, होईल.

पुढे तशीच आणखी एक गाडी आली. तोच कूलर. धाकट्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघत राहिला आणि काउंटरपाशी आला.

"दादा, पत्रा खोलला की दिवस जातो. तू मागचा बोल्ट कसा धरायचास? मला शिकव."

"सोपं आहे," मिस्त्री म्हणाला. "हात आत घालायचा. तळवा वर. मग..."

त्याने चांगला हात उचलला आणि हवेत वळवला. मनगट आपोआप फिरलं, कोपर आत आलं, आणि तिथेच थांबलं.

"मग?"

"मग लागतो तो."

"काय लागतं? कुठल्या बाजूने?"

मिस्त्रीने पुन्हा हात फिरवला. पुन्हा तिथपर्यंतच आला. इतकी वर्षं त्याने कधी हे शब्दांत मांडलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. आता तो शब्द शोधत होता, आणि बोटांना विचारायची सोय उरली नव्हती.

"असू दे," धाकटा म्हणाला आणि पत्रा खोलायला गेला.