औषध कोण घेतं?

आमच्या भागात औषध पिकावर फवारतात. माणसाने औषध घेतलं म्हटलं की बायका ऊर बडवत निघतात आणि मागून पोलीस येतात. दुखण्यावर खातात ती गोळी, इथल्या बोलीत गोयी. खांडबाऱ्याच्या बाजारात कुणालाही विचारा. योगेंद्र सरांनी तेवढं सोडून बाकी सगळं विचारलं.

सर आरोग्याच्या आकड्यांचे अभ्यासक. कुठली गोळी सरकारने पुरवायची आणि कुठली बंद करायची, हे त्यांच्या आकड्यांवरून ठरतं. त्यांची माणसं टॅब घेऊन घरोघर फिरली. ‘घरात कुणी नियमित औषध घेतं का?’

फुलवंताबाई दचकलीच. "आमना घरमा कोन औषध लेस बा? सर्वा सुखी शेतस." सगळे सुखी आहेत म्हणे.

शेजारीच तिची निशा बसली होती. निशाला सिकलसेल, रक्ताचा आजार. हाडं अशी ठणकतात की पोर पाय पोटाशी घेऊन पडून राहते. आरोग्य केंद्राच्या खिडकीतून मीच तिला दर महिन्याला गोळ्या द्यायचे. त्या खाऊन ती शाळेत जायची, भांडायची, भावाच्या ताटातली भाकर पळवायची. पण विचारलं होतं औषध.

गावोगाव हेच उत्तर आलं. अहवालात निष्कर्ष निघाला की रुग्ण औषध घेतच नाहीत, तेव्हा पुरवठा कशाला? गोळ्या थांबल्या. निर्णय पुराव्यावर आधारित होता असं परिपत्रकातच लिहिलं होतं. पेपरात सरांचा फोटोही आला, चांगला आला होता.

माझं डोकं फिरलं. सरांना फोन करून शब्दाचा घोळ सांगितला. माणूस वाईट नाही, लगेच मानलं त्यांनी. "प्रश्न बदलून पुन्हा पाहणी करू, मॅडम." त्या पाहणीला मंजुरी मिळेपर्यंत पावसाळा सरला. गोळी नवापूरच्या दुकानांतही मिळेना. फुलवंताबाई दर बाजाराला खिडकीशी यायची आणि रिकामी पिशवी घेऊन परत जायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी सर स्वतः आले. मी सोबत गेले. निशा खाटेवर पडली होती, पाय पोटाशी. सरांनी नवा प्रश्न सावकाश, नीट विचारला, "निशा गोळी खाते का?"

"नही खास," फुलवंताबाई म्हणाली. खात नव्हतीच, खरं तेच सांगितलं तिने.

सरांनी टॅबवरच्या ‘नाही’वर बोट ठेवलं.

"सर, गोळ्या मिळत नाहीत म्हणून खात नाही ती."

"कळतंय हो, पण यात तसा पर्याय नाही. आणि बघा, शब्द बदलला तरी उत्तर तेच आलं. म्हणजे आपली पहिली पाहणी बरोबरच होती." त्यांचा जीव अगदी भांड्यात पडला होता.

साहेब खूश दिसले तशी फुलवंताबाईही हसली. निशाची गोधडी सारखी करत तिने विचारलं, "मंग आते येतीन ना गोया?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "गोया म्हणजे काय, मॅडम?"