मुळापासून मान्य

फिलोमिनाबाई दर रविवारी चर्चच्या उपासनेला, मिस्साला जात आणि ख्रिस्तप्रसाद न घेता परत येत. कोल्हापुरात राजारामपुरीच्या शेवटच्या गल्ल्यांत अजून मोकळे प्लॉट होते, त्यांत म्हशी चरत, तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

त्या मूळच्या आजऱ्याच्या. लग्न केलं ते नेसरीच्या पिराजींशी. आधी रजिस्टर कचेरीत सह्या झाल्या, मग नेसरीत मांडव पडला, अक्षता झाल्या, गावजेवण उठलं. सासूच्या तोंडात फिलोमिना बसेना, म्हणून तिनं फुलाबाई केलं. चर्चमध्ये मात्र काहीच झालं नाही. हिंदू मुलाशी लग्न करताना बिशपांची परवानगी लागते हे त्यांना ठाऊक होतं, पण वडिलांनी बोलणंच टाकलेलं, तिथं परवानगी मागायला बरोबर कोण येणार?

तेव्हाच्या फादरांनी स्पष्ट सांगितलं, नवऱ्याला चर्चमध्ये आण, तुमच्या लग्नाचा विधी करू. तोवर पापनिवेदन नाही आणि प्रसादही नाही. पिराजींनी एकदाच उत्तर दिलं.

"अख्ख्या नेसरीनं अक्षता टाकल्या, पोटभर जेवली. आता परत बोहल्यावर चढू? लोक म्हणतील, मागचं काय खोटं हुतं व्हय?"

फिलोमिनाबाई भांडल्या नाहीत. नवऱ्याचं मन वळेल तेव्हा वळेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. लेक अनुजा मोठी झाली, लग्न होऊन सांगलीला गेली. पिराजी दूध संघातून निवृत्त झाले. मन काही वळलं नाही, आणि पुढं पुढं तर कुणी ते वळवायलाही गेलं नाही.

यंदा इस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि डॉक्टरांनी फिलोमिनाबाईंच्या हृदयाची झडप बदलायला सांगितली. ऑपरेशन इस्टरनंतर ठरलं. मरणाची त्यांना फारशी धास्ती नव्हती. त्याआधी एकदा प्रसाद मिळावा, एवढंच त्यांना वाटत होतं. म्हणून त्या नव्या फादरांकडे गेल्या. फादर तुस्कानो वसईचे, वयानं अनुजाएवढे.

"तुम्हाला कुणी सांगितलं की पुन्हा विधी केल्याशिवाय मार्गच नाही?" सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं.

"तेव्हाच्या फादरांनी."

"तो एक मार्ग झाला. दुसराही आहे. लग्नाचं मूळ म्हणजे दोघांचा होकार. तो तुम्ही तेव्हा दिलात. परवानगी नव्हती, चर्चचा विधी नव्हता, म्हणून आपल्या कायद्यानं ते लग्न धरलं नाही. पण तो होकार अजून जिवंत असेल, तर बिशप तेच लग्न मुळापासून मान्य करू शकतात. पुन्हा काही म्हणायचं नाही, तुमच्या नवऱ्यानं चर्चमध्ये यायचंही नाही."

फिलोमिनाबाईंना आधी खरंच वाटेना.

"तुम्ही तुमचा धर्म सोडणार नाही ना?"

"आजवर सोडला नाही, आता कुठं सोडते?"

"मुलांना आपल्या धर्मात वाढवाल का, हेही विचारायला हवं, पण लेक तर संसाराला लागली. मग राहिलं एकच. त्यांचा होकार अजून आहे, याची मला खात्री हवी. तुम्ही सांगा. आहे?"

आपलं फिलोमिनाबाई छातीवर हात ठेवून सांगू शकत होत्या. पण नवऱ्याच्या वतीनं? पिराजींनी असलं काही कधी बोलून दाखवलेलं नव्हतं.

"विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

फोनवर अनुजा करवादली. "आई, तू हो म्हणून मोकळं व्हायचंस की! बाबांना कशाला मधी घेतीस? आता ते बिथरणार बघ."

पिराजी बिथरलेच. जेवायला बसले असताना फिलोमिनाबाईंनी विचारलं, "अवो, मी बायको म्हणून अजून चालतीया न्हवं तुम्हास्नी?"

"आता ह्या वयात दुसरी कोण देतंय मला?"

"चेष्टा नगं. फादरना सांगायचं हाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

पिराजींनी भाकरीचा घास ताटात परत ठेवला. "म्हंजे इतकी वर्सं तुमच्या देवाच्या दारात माझं लगीन न्हवतंच?"

"कायद्यानं न्हवतं."

"मग मी काय तुला पळवून आणून ठिवलीती?" ते उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. दोन दिवस घरात चहा घे, गोळी घे, यापलीकडे बोलणं झालं नाही. फिलोमिनाबाईंनी विषय पुन्हा काढला नाही. फादरना काय सांगायचं, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं.

रविवारी पिराजींनी नेहमीसारखं स्कूटरवरून त्यांना चर्चपर्यंत सोडलं. एरवी ते समोरच्या गाड्यावर चहा घेत बसायचे. त्या दिवशी मिस्सा सुटली तसे ते फाटकातून आत आले, थेट फादरांपुढं उभे राहिले.

"या पावणं," फादर म्हणाले. कोल्हापुरात एवढं ते शिकले होते.

"ही बाई माझी हाय," पिराजींचा आवाज आवारभर गेला. "लगीन झालं तवा हुती, आजबी हाय. आणि काय पायजे?"

"काहीच नको. एवढंच हवं होतं."

"आणि बिशप मान्य करणार ते कुठल्या तारखेपासनं? आजच्या?"

"मान्यता आजची, पण धरायचं तुमच्या लग्नापासून. कायदाच तसा आहे."

"नेसरीच्या मांडवापासनं?"

"तुम्ही दोघांनी होकार दिलात, त्या दिवसापासून."

पिराजींनी जरा विचार केला. "मग बराबर हाय. उशीर तुमच्याकडनं झालाय फादर, आमच्याकडनं न्हाय."

"कबूल," फादर म्हणाले. फिलोमिनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. चार बायका ऐकत होत्या, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

इस्टरच्या आदल्या रविवारी पाम संडे असतो, त्याच्या आधी बिशपांची मान्यता आली. फिलोमिनाबाईंनी पापनिवेदन केलं. मोठं असं सांगायला फारसं नव्हतं, तरी बराच वेळ लागला. इस्टरच्या सकाळी त्यांनी प्रसाद घेतला आणि बाहेर येऊन स्कूटरपाशी उभ्या राहिल्या.

"मिळालं?" पिराजींनी विचारलं.

"मिळालं."

"कसं लागतंय?"

"पापडासारखं. पातळ."

"मीठ?"

"न्हाय."

"कायबी चव न्हाय? आणि त्यासाठी एवढा जीव टाकलास?"

"व्हय," फिलोमिनाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन मागं बसल्या.