पंचावन्न वॅटचा दिवा

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या दारात तीन गाड्या धुऊन उभ्या होत्या. दुकानाचा टेम्पो, उमेशची स्कूटर आणि मीनाक्षीची मोटार. उमेश माझा मुलगा. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याच्या वडिलांनी, विठ्ठलरावांनी, सुरू केलेलं. मीनाक्षी माझी सून. अळणावरच्या अलीकडे एका खेड्यातल्या हायस्कुलात ती गणित शिकवते. दहावीच्या मुलांचे जादा तास सकाळी असत, म्हणून ती उजाडायच्या आत हुबळी सोडायची.

धारवाड मागे पडलं की त्या रस्त्याला झाडी आणि ऊस. थंडीत तिथं धुकं इतकं उतरतं की समोरून काय येतंय ते अंगावर येईपर्यंत कळत नाही. मोटारीला पुढच्या बंपरमध्ये, अगदी खाली, धुक्यासाठी दोन लहान दिवे होते. गणपतीच्या सुमारास त्यातला डावा गेला. थंडीच्या आधी बदलू, असं रोज घरात कुणीतरी म्हणायचं.

ते काम आमच्या जावयांनी केलं. दत्तात्रयरावांचं कमरीपेठेत गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीटची कव्हरं, हॉर्न, दिवे, काचेपुढे टांगायचे गणपती, सगळं. खंडेनवमीला ते आणि माझी लेक सरिता दुपारच्या जेवणाला आले. मोटारीला झेंडूचा हार घातला होता, चाकाखाली लिंबं ठेवली होती. दत्तात्रयरावांनी पिशवीतून दोन चकचकीत खोकी काढली आणि थेट पूजेच्या ताटाशेजारी ठेवली.

"वहिनी, तुमच्या धुक्याचं काम संपलं. शंभर वॅट! दोन्ही बाजूंना. पांढरा शुभ्र उजेड. अळणावरात चालू करा, गोव्यातली माणसं उठून बसतील."

"भाऊजी, जुने कितीचे होते?" मीनाक्षीनं विचारलं.

"जुन्याचं काय घेऊन बसलाय? ती समईच होती."

मी म्हटलं, "दत्तात्रयराव, लेकीच्या घरचं आम्ही फुकट घेत नाही. काय झाले ते सांगा."

"मामी, हा पूजेचा मान आहे. इरली बिडू," म्हणजे राहू द्या, असं कानडीत म्हणून त्यांनी विषय उडवला, आणि सरितानं खोक्यांवर हळदकुंकू वाहून टाकलं. आता बोलणं संपलं. पूजेत ठेवलेली वस्तू परत करायची नाही आणि जावयानं हौसेनं आणलेली नाकारायची नाही, या दोन गोष्टी आमच्यात कुणाला शिकवाव्या लागत नाहीत. त्यांनी स्वतः गाडीखाली आडवं पडून दोन्ही जुने बल्ब काढले आणि नवे बसवले. उजवा जुना बल्ब चांगला होता तरी तोही काढला. मी दोन्ही उचलून फडक्यात गुंडाळले आणि डब्यात ठेवले. आमच्या घरातून जुना खिळासुद्धा बाहेर जात नाही.

डिसेंबरात धुकं पडायला लागलं. मीनाक्षी पहिल्या दिवशी घरी आली ती म्हणाली, "आत्ती, उजेड भरपूर आहे, पण रस्ता दिसत नाही. समोर पांढरा पडदा बांधल्यासारखं होतं." उमेश म्हणाला, सवय होईल. तिला गाडीत जळकट वासही यायचा. रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळं लागली होती, काहिलीत रस लागला असेल असं समजून ती काच वर करायची.

मग एका सकाळी वळणावर समोरून दुधाची मोपेड आली. मीनाक्षीची गाडी सावकाशच होती. मोपेडवाल्यानं एक हात डोळ्यांवर धरला, तोल गेला आणि तो माणूस किटल्यांसकट उसात शिरला. बाबाजी त्याचं नाव. तिच्याच शाळेच्या गावचा, घरोघर दूध घालणारा. मनगट मोडलं. मीनाक्षीनं त्याला गाडीत घालून अळणावरच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा तास चुकला.

रात्री जेवताना उमेश म्हणाला, "उद्यापासून गाडी बंद."

"मग शाळेत कशी जाऊ?"

"बदली माग."

"मार्चात परीक्षा आहे. गणिताला तिथं दुसरं कुणी नाही."

"तर रजा टाक. नाहीतर सोड नोकरी. आज मनगट मोडलं, उद्या माणूस मेला तर? किंवा तूच?"

"दिवे बदलू या," मीनाक्षी म्हणाली. "पहिले होते तेव्हा सात वर्षं काही झालं नाही."

उमेशनं भाताचं ताट पुढे सरकवलं. "दाजींनी पूजेत ठेवून दिलेत. काढून काय सांगू त्यांना? तुमचा माल चालत नाही?"

म्हणजे मेहुण्याचा मान राहावा म्हणून बायकोची नोकरी जाणार होती. उमेश वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस जे पहिलं हाताला लागतं ते धरतो, आणि त्याच्या हाताला मीनाक्षीच्या गाडीची किल्ली लागली. ती त्यानं देवघरातल्या फळीवर ठेवली. मीनाक्षी दोन बस बदलून शाळेत जाऊ लागली. बस पोचायच्या आत सकाळचा तास होऊन जायचा.

रविवारी ती बाबाजीला बघायला निघाली, तेव्हा मीही बरोबर गेले. आम्ही बसनंच गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता, प्लास्टर गळ्यात बांधलेलं. माझ्या हातातली मोसंबी बघून म्हणाला, "अक्का, हात मोडला की मोसंबी मिळत्यात हे आधी म्हाईत असतं तर कवाच पडलो असतो."

मीनाक्षी हसली नाही. तिनं विचारलं, "तुम्हाला त्या वेळी नेमकं काय दिसलं?"

"दिसलं कुठं? पांढरं फटफटीत आलं अंगावर. गाडी हाय का ट्रॅक्टर हाय, रस्त्याच्या ह्या अंगाला हाय का त्या अंगाला, कायबी कळंना. आधी तुमचा पिवळा दिवा असायचा बघा, खाली, जमिनीला धरून. तो लांबनं दिसला की मी म्हणायचो, बाई आल्या, आपल्याला आज उशीर झाला." मग म्हणाला, "त्याला काय झालं?"

परतीच्या बसमध्ये मला जुन्या गाड्या आठवत राहिल्या. मी लग्न होऊन मिरजेहून हुबळीला आले तेव्हा मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून. यांच्या एका मित्राची जीप होती. तिच्यातून आम्ही थंडीत निपाणीला जायचो, तेव्हा तो निघण्याआधी दिव्यांवर पिवळा जिलेटिन कागद बांधायचा. धुक्यात पांढरा उजेड आपल्याच तोंडावर परत येतो, असं तो म्हणायचा. जीप कधीच मोडीत गेली. मित्रही गेला. त्या कागदाचा करकर आवाज मात्र मला अजून ऐकू येतो.

यांच्या दुकानाचाही एक नियम होता. जुना तुकडा दाखवल्याशिवाय नवा द्यायचा नाही. बिजागरी असो, नळाची चकती असो, गिऱ्हाईक हातानं माप दाखवू लागलं की हे म्हणायचे, "जुनं घेऊन या. हात खोटं बोलतात." माणसं चिडायची, पण उन्हातून घरी जाऊन जुनं घेऊन यायची.

घरी आल्यावर मी डबा काढला. गेलेला डावा बल्ब मीनाक्षीनं खिडकीपाशी नेला आणि त्याच्या बुडावरची अक्षरं वाचली. एच अकरा, बारा व्होल्ट, पंचावन्न वॅट.

"जवळजवळ दुप्पट घातलेत," ती म्हणाली.

"उद्या दुपारी रजा घे," मी म्हटलं. "कमरीपेठेत जाऊ. किल्ली मी घेते."

सासू जावयाच्या दुकानात सहसा जात नाही. दत्तात्रयरावांनी आम्हाला मोटारीतून उतरताना पाहिलं आणि गल्ल्यावरून उठून पुढे आले. "मामी! तुम्ही बसा की. चहा सांगतो. सरिताला फोन करू?"

"सरिताकडे आले असते तर चहा घेतला असता. मी गिऱ्हाईक म्हणून आलेय." मी गेलेला बल्ब काउंटरवर ठेवला. "याच्यासारखे दोन द्या."

त्यांनी बल्ब उचलला नाही. "आणि मी दिलेले?"

"तेच सांगायला आलेय. लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं नसतं. मी त्या दिवशी म्हटलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. आता ते परत घ्या आणि मला विकत द्या. विकत घ्यायचं तर मला हवं ते घेणार."

ते मीनाक्षीकडे बघू लागले. "वहिनी, तो दूधवाला पडला म्हणून? उमेश बोलला मला. ती माणसं मोपेड कशी चालवतात माहीत आहे ना? दोन किटल्या, एक पेंडीचं पोतं आणि वर बायको."

"भाऊजी, मलाही काही दिसत नव्हतं," मीनाक्षी म्हणाली. "आणि वास येतो. आधी उघडून बघा, मग बोला."

त्यांनी बाहेर येऊन गाडीखाली हात घातला, उजवा दिवा सोडवून बाहेर काढला आणि उलटा केला. बल्ब बसतो तिथलं प्लास्टिक मऊ होऊन एका बाजूला ओघळलं होतं. वायरीचं टोक तपकिरी पडलं होतं. गुऱ्हाळ कुठलं, ते हे होतं.

"ही वायर पंचावन्नची," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "शंभर ओढत होती." मग एकदम दुकानदार जागा झाला. "मग एलईडी घ्या! गरम होत नाही, वायरीला ताण नाही. नवीन माल आलाय."

"यात चालेल?" मीनाक्षीनं दिव्याच्या आतल्या चकचकीत वाटीवर बोट ठेवलं.

त्यांनी मान खाजवली. "बसेल. पण वाटी ह्या बल्बसाठी केलेली असते. त्याची तार असते तिथून उजेड निघाला तर खाली रस्त्यावर पडतो. दुसरं घातलं की इकडेतिकडे, वरही जातो. समोरच्याच्या डोळ्यात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला सगळं माहीत असतं, वहिनी. गिऱ्हाईक पांढरं मागतं. जास्त वॅट मागतं. पंचावन्न द्या म्हणणारं गिऱ्हाईक मी ह्या काउंटरवर बघितलेलं नाही."

"आता बघा," मी म्हटलं.

ते हसले, मनापासून नाही, पण हसले. मागच्या फळीवर सगळ्यात खाली, धूळ बसलेल्या दोन खोक्यांत ते बल्ब होते. त्यांनी जुन्या बल्बाचं बूड आणि नव्याचं बूड शेजारी धरून मीनाक्षीला दाखवलं. यांनी असंच दाखवलं असतं. मग हातात स्वच्छ फडकं घेऊन, काचेला बोट न लावता, बल्ब बसवले. बोटाचं तेल लागलं की काच तापून तडकते, म्हणाले. ओघळलेल्या दिव्याच्या जागी दुसरा दिवा लावला, वायरीचं टोक बदललं, आणि गाडी समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी करून उजेड किती खाली पडतो ते बघून स्क्रू फिरवला. मी पैसे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला. मी तसाच हात पुढे ठेवला. शेवटी त्यांनी घेतले.

"उमेशला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, मामींनी परत आणून दिले. पूजेत ठेवलेलं तुम्ही परत घेतलंत, तर दोष तुमच्याकडे."

"वा! म्हणजे बल्बही माझे आणि पापही माझं."

त्यानंतरच्या शनिवारी धुकं होतं. उमेश म्हणाला, एकदा मी बरोबर येतो, मग ठरवू. तो पुढे बसला, मी मागे. मीनाक्षी चालवत होती. धारवाडच्या पुढे झाडी लागली आणि सगळं नाहीसं झालं. तिनं खालचे दिवे लावले. पिवळसर उजेड जमिनीला धरून पसरला. फार लांबचं काही दिसत नव्हतं, पण डावीकडची पांढरी रेघ दिसत होती, आणि त्या रेघेपुरती ती गाडी चालवत होती, सावकाश. उमेशचा हात दाराच्या कडीवर होता.

त्या वळणावर उसाच्या कडेला बाबाजी उभा होता, घोंगडं पांघरून, भाऊ मोपेड घेऊन यायची वाट बघत. आमची गाडी जवळ यायच्या आधीच त्यानं चांगला हात वर केला.

"हा कोण?" उमेशनं विचारलं.

"ज्याचं मनगट मोडलं तो," मीनाक्षी म्हणाली.

"त्याला कसं कळलं आपण आहोत ते?"

शाळेच्या फाट्यापाशी ऊन आलं. उमेश म्हणाला, "धुकं गेलं. आता बंद कर ते दिवे, समोरच्याला त्रास होतो." तिनं बंद केले. परत आल्यावर किल्ली देवघरातल्या फळीवर गेली नाही. दाराजवळच्या खुंटीवर गेली, पूर्वी असायची तिथं.

मार्चात तिचे सगळे विद्यार्थी परीक्षेला बसले. दोघं नापास झाले, ते जुलैच्या फेरपरीक्षेत सुटले. मीनाक्षी आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि तीच मोटार चालवते. त्यानंतर उजवा बल्ब एकदा गेला, तो तिनं स्वतः बदलला. उमेशनं गेल्या वर्षी दुकानाचा अर्धा भाग रंगांना दिला. बायकोच्या गाडीबद्दल तो बोलत नाही, पण थंडी सुरू झाली की काच पुसायचं नवं फडकं आणून ठेवतो. बाबाजीचं मनगट थोडं वाकडं जुळलं. किटली तो आता डाव्या हातानं उचलतो. त्याची मुलगी मीनाक्षीच्या वर्गात होती, गणितात बेताची, पण धारवाडला कॉलेजात गेली. सरिताला दुसरी नात झाली, ती तिच्यातच असते. दत्तात्रयराव पांढरे दिवे अजून विकतात, खूप विकतात. फक्त गिऱ्हाईकाला आधी विचारतात, "जुना आणलाय काय?" ते शंभर वॅटचे दोन त्यांनी कुणाला विकले, मी विचारलं नाही.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डाव्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं करणार नाही म्हटलंय. संध्याकाळी ओट्यावर बसते तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती मला एक गोल कडं दिसतं. पांढऱ्या दिव्याभोवती मोठं, पिवळ्याभोवती लहान.