वरची ओळ

वेंतुराने टेबलावर कात्री ठेवली, तेव्हा रेमेई आत्या भाजलेले चेस्टनट सोलत होती. सकाळीच दोघं कबरींवर फुलं ठेवून आली होती.

"आत्या, गावच्या समितीच्या प्रदर्शनात आजोबांची पोस्टकार्डं लावायची तर वरची ओळ कापावी लागेल."

त्या ओळीत हुकूमशहाचा जयजयकार होता. स्पेनचं यादवी युद्ध हरून तुरुंगात गेलेल्या प्रत्येकाला आधी तो लिहावा लागे, आणि सगळं कार्ड स्पॅनिशमध्ये. घरच्या कातालान भाषेतलं कार्ड तपासनीस फाडून टाकी.

"लोक म्हणतील, क्लिमेंत आजोबा हुकूमशहाला मुजरे घालत होते."

"म्हणू देत. माझा बाप जिवंत आहे, हे माझ्या आईला, एउलालियाला कळायचं दुसरं दार नव्हतं."

"बाबांनीही काही कापलीच ना?"

"कापली. ये, बघ तुझ्या बापाचा पराक्रम." तिने खोक्यातलं एक कापलेलं कार्ड उलटं केलं. "तुरुंगाचा शिक्का मागे वरच्या बाजूला असायचा. ओळीबरोबर तोही गेला. हे कार्ड लिहिलं त्या हिवाळ्यात आजोबा कुठे होते, सांग बरं?"

वेंतुराने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"मलाही सांगता येत नाही. माझा भाऊ लाज कापायला गेला आणि बापाचा ठावठिकाणाच कापून बसला."

"पण समिती अख्खी कार्डं घेणार नाही."

"नको घेऊ दे. माझी खिडकी काय समितीच्या बापाची आहे?"

गोंद न लावता तिने कार्डं दोन काचांच्या मध्ये बसवली आणि ऊन न येणाऱ्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून टांगली.

दुसऱ्याच दिवशी पाव घेऊन चाललेला तिचा जुना विद्यार्थी पास्कुआल थांबला. वरची ओळ मोठ्याने वाचून खो खो हसला. "काय हे बाई! तुमचे वडील तर त्यांच्यातलेच निघाले!"

वेंतुराचा हात पडद्याकडे गेला. रेमेईने त्याचा हात बाजूला सारला आणि खिडकी उघडली.

"पास्कुआल, शाळेतही तू पहिल्याच ओळीला अडायचास. पुढे वाच. मोठ्याने."

साठीच्या पास्कुआलने मुकाट्याने चष्मा लावला.

"'एउलालिया, मोजे मिळाले. एक जोड शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. आता माझ्यासाठी विणू नकोस. लोकर उरली असेल तर पोरीला टोपी कर...'"

तो वाचायचा थांबला. मागे आणखी दोघं-तिघं येऊन उभी राहिली.

"थांबू नकोस," रेमेई म्हणाली. "अजून बरीच कार्डं आहेत."